मूर्खलक्षणांची वही कशी ठेवावी

परिपूर्ण माणूस व्हायचा संकल्प कुणी केला, की मी त्याला दासबोधाचा दुसरा दशक काढायला सांगते. त्यात उत्तमलक्षणांचा समास दुसरा आणि मूर्खलक्षणांचा पहिला. तुम्हीही त्याच क्रमाने जा.

एक साधी एकरेघी वही घ्या. पहिला समास मोठ्याने वाचा. ‘आपली आपण करी स्तुती’ आलं की एखादे मेहुणे आठवतात, ‘अकारण हास्य करी’ला शेजारीण. आठवू द्या, हसून घ्या. दुसऱ्यांदा मात्र हातात पेन्सिल हवी. जिथे कुणाचाच चेहरा आठवला नाही, पण पुढची ओवी पटकन वाचावीशी वाटली, तिथे खूण करा. ती तुमची ओवी.

ओवी एकच घ्यायची. तीसुद्धा चारचौघांना दिसेल अशा वागण्याची. ‘दोघे बोलत असती जेथें, तिसरा जाऊन बैसे तेथें’ ही नवशिक्यांसाठी उत्तम, कारण तिथे घडलं की नाही यावर वाद होत नाही. ‘विवेक सांगतां न धरी’ कठीण. ती आपली आपल्याला तपासताच येत नाही. आमच्या यजमानांच्या वाट्याला ‘करी थोडें बोले फार’ आली. माळा आवरायचं दसऱ्यापासून चाललं होतं, ते वहीत तारखेसकट उतरत गेलं. नोंद अशीच करावी: तारीख, समोर कोण होतं, काय बोललो. ‘फार वाईट वागलो’ वगैरे लिहू नये. त्यातही स्वतःचं कौतुकच असतं.

काही ओव्या सोडाव्या लागतील. आईबापांना विरोध करणाऱ्याला मूर्ख म्हटलंय ते ठीक, पण त्याच ओवीत ‘सखी मानिली अंतुरी’, म्हणजे बायकोला मैत्रीण मानणाराही मूर्खात बसवलाय. ती ओळ मी खुशाल वगळते. समर्थांशी वाद घालायला हरकत नसावी.

अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिननेही तरुणपणी निर्दोष व्हायचं ठरवून अशी वही केली होती. 13 सद्गुण, दर आठवड्याला एकावर भर, चुकलं की काळा ठिपका. नीटनेटकेपणा त्याला शेवटपर्यंत जमला नाही. मग त्याच्या मनात आलं, की अगदी निर्दोष माणसाचा लोक हेवा आणि द्वेष करतात, तेव्हा मित्रांना संकोच वाटू नये म्हणून भल्या माणसाने थोडे दोष ठेवावेत. पळवाट आहे, पण खोटी नाही. एक ठिपका नसलेल्या माणसाकडे जेवायला जायचं माझ्या तरी जिवावर येईल. आठवडा मात्र फार कमी. माळ्याची ओवी आमच्याकडे दिवाळीनंतरही चालू होती.

यादी संपवायच्या मागे लागू नका. लक्षणं अपार आहेत, टाकून देण्यासाठी म्हणून त्यातली काही सांगितली, असं समर्थांनीच समासाच्या शेवटाकडे म्हटलंय.

वहीची पानं सलग कोरी राहू लागली, तर त्याच दशकाचा दहावा समास काढा: पढतमूर्ख. बहुश्रुत, ब्रह्मज्ञान स्वच्छ बोलणारा, आणि तरी अभिमान धरणारा. हा समास एकट्याने वाचू नये. घरातल्या तरुण माणसाला शेजारी बसवावं आणि खुणा त्याला करू द्याव्यात. आमच्याकडे पेन्सिल सुनेच्या हातात असते.