लातूरच्या गच्चीवरून जहाजांना हाक: नव्या हॅमसाठी चार अनुभवाच्या गोष्टी

मे संपत आला की आमच्याकडे हॅम रेडिओ, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने रेडिओवरून दूरच्या माणसांशी बोलणं, शिकायला येणारी मुलं एकच प्रश्न विचारतात, "दादा, जहाजांचा तो वीकेंड आपल्याला जमेल का?" जमतो. त्यासाठी समुद्र जवळ लागत नाही, उंच टॉवरही लागत नाही. कान मात्र तयार लागतात.

जूनच्या सुरुवातीला एका शनिवार-रविवारी जगभरातली संग्रहालय झालेली जहाजं हौशी रेडिओवर येतात. म्युझियम शिप्स वीकेंड म्हणतात त्याला. अमेरिकेत कॅम्डेनला उभ्या असलेल्या 'न्यू जर्सी' या युद्धनौकेवरचं हॅम केंद्र हा उपक्रम चालवतं. ठिकठिकाणच्या क्लबांची माणसं आपापल्या जहाजावर जाऊन बसतात आणि दोन दिवस हाका देतात. पंधरा जहाजांशी संपर्क झाला की प्रमाणपत्र मिळतं. पहिल्या वर्षी त्या पंधराच्या मागे लागू नका. तीन जहाजं नीट ऐकली तरी पुष्कळ.

पहिल्या वर्षी माझ्याकडे लायसन्स नव्हतं, म्हणून सरांनी मला त्यांच्या संपर्कांच्या नोंदी लिहायला वही दिली. सर म्हणजे आमचे गुरू. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा निरोप पोचवायला बाहेरून हॅम मंडळी आली होती. त्यांचं काम सरांनी जवळून पाहिलं आणि पुढे स्वतः परीक्षा दिली. माईक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ते आधी ऐकायलाच बसवतात. मलाही तेच सांगितलं, "आधी ऐक. बोलायला आयुष्य पडलंय."

रात्री साडेनऊच्या सुमारास, सरसर आवाजाच्या खालून, इंग्रजीत शांतपणे एक हाक आली: गोल्फ ब्राव्हो टू रोमिओ नोव्हेंबर, म्हणजे GB2RN हा कॉलसाइन, त्या केंद्राची ओळख. ही 'एचएमएस बेलफास्ट'. 1938 साली पाण्यात उतरलेली, 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तोफा डागलेली, आणि 1971 पासून लंडनमध्ये थेम्स नदीत संग्रहालय म्हणून उभी असलेली युद्धनौका. माझ्या अंगावर काटा आला. कॉलेजच्या सहलीला जाईपर्यंत मी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि इथे जहाजावरचा माणूस माझ्या कानात बोलत होता.

त्याच रात्री मी मोठी चूक केली. वहीत सगळ्या वेळा आपल्या घड्याळाच्या लिहिल्या. हॅमच्या नोंदी यूटीसीत, जगभर एकच धरलेल्या वेळेत, असतात, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. रात्रीचे 9:40 म्हणजे 16:10. पहाटेच्या नोंदीत तर तारीखही बदलते: आपला रविवार पहाटे चारचा, पण वहीत शनिवार 22:30. सरांनी माझ्या नोंदींवरून क्यूएसएल कार्डं, म्हणजे संपर्क झाल्याच्या पोचपावत्या, पाठवली आणि एका जहाजाकडून उत्तर आलं की या वेळेला तुमचा संपर्क सापडत नाही. सर काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून रेडिओशेजारी यूटीसीवर लावलेलं वेगळं घड्याळ असतं. तुम्हीही पहिल्या दिवसापासून ठेवा.

लायसन्सचं थोडक्यात. परीक्षा दूरसंचार विभागाची असते, वय किमान बारा. रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन भाग. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे सुरुवातीच्या लायसन्सला, मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक भाषा) लागत नाही, आणि सुरुवातीला तेवढं बस्स होतं.

अँटेनावर मात्र वेळ घालवा. वीस मीटर बँडसाठी (14 मेगाहर्ट्झच्या लहरी) साधा डायपोल पुरतो: एकूण दहा मीटरच्या आसपास तार, मधोमध तोडून दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर. आम्ही मधला भाग जीआय पाइपला बांधून वर नेतो आणि दोन्ही टोकं नायलॉनच्या दोरीने गच्चीच्या कठड्याकडे उतरवतो. युरोप आपल्या वायव्येला, म्हणून तार ईशान्य-नैर्ऋत्य अशी ताणायची. तार आधी जरा लांबच ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळली ते सांगणारा आकडा) बघत बोटबोट कमी करा. एकदा जास्त कापली की जोड देत बसावं लागतं.

दुसरं, वीज. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, शेजारचा इन्व्हर्टर, सगळ्यांचा गोंगाट रेडिओत येतो. त्या रात्री लाइट गेली आणि रेडिओच्या सिग्नल मीटरचा काटा गोंगाटाच्या एस-सातवरून एस-दोनवर आला. मघाशी नुसती कुजबुज वाटणारी स्टेशनं स्पष्ट ऐकू यायला लागली. आता आम्ही लाइट जायची वाट बघत नाही. घरचा मेन स्विच बंद करतो आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर बसतो. बॅटरीपासूनची वायर जाड आणि आखूड घ्या, नाहीतर बोलायला लागलं की व्होल्टेज पडतो आणि आवाज फाटतो.

आणि मृगाचं भान ठेवा. याच दिवसांत आपल्याकडे वीज कडाडते. आभाळात काही दिसायच्या आधी रेडिओत 'कडाक्' ऐकू येतं. तो आवाज वाढला की समोर कुठलंही जहाज असो, अँटेनाची केबल म्हणजे कोअ‍ॅक्स काढायची आणि खोलीच्या बाहेर टाकायची. इथे हट्ट चालत नाही.

हाक देताना गर्दी असते. एकाच जहाजावर पन्नास जण तुटून पडतात. ऑपरेटर कधी थांबतो, कुणाला घेतो, हे पाच-दहा मिनिटं नुसतं ऐका. मग त्याच्या थांब्यात आपला कॉलसाइन एकदाच, स्वच्छ म्हणा आणि गप्प बसा. पुन्हा पुन्हा ओरडणाऱ्याचा कॉलसाइन कुणालाच कळत नाही.

दुसऱ्या वर्षी माझा स्वतःचा व्हीयू-3 ने सुरू होणारा कॉलसाइन आला होता. बेलफास्टला हाक दिली. तिसऱ्या वेळेला त्यांनी माझी शेवटची दोन अक्षरं परत म्हटली. मी त्यांचा सिग्नल कसा येतोय त्याचा रिपोर्ट दिला, नाव सांगितलं, मग लातूर हे गाव एकेक अक्षर करून: लिमा, अल्फा, टँगो, युनिफॉर्म, रोमिओ. पलीकडच्या माणसाने प्रत्येक अक्षर सावकाश परत म्हणून लिहून घेतलं. मी वळून पाहिलं तर या वेळी वही सरांच्या मांडीवर होती, आणि ते यूटीसीच्या घड्याळाकडे बघून वेळ लिहीत होते.