गोव्याच्या उकाड्यात फ्रीजिया फुलवायचा म्हटलं तर

फ्रीजिया म्हणजे कंदापासून येणारं सुवासिक फुलझाड, त्याचे कंद हल्ली ऑनलाइन सहज मिळतात, पाकिटावर झकास फोटो असतो, आणि मग जानेवारीत सगळ्यांचा एकच प्रश्न, पाती तर मस्त वाढली पण फूल कुठाय? हा मूळचा दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला, तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, म्हणजे आपल्या बरोब्बर उलट. पाती यायला त्याला आपली हवा चालते. पण कळी धरायची तर सहा-सात पानं झाल्यावर पुढचे काही आठवडे माती 12 ते 15 डिग्रीला हवी असते, आणि ती सतत 20 च्या वर राहिली तर कळी धरतच नाही नाहीतर वेडीवाकडी येते. आता पणजीत जानेवारीची रात्रच मुळी 20 च्या आसपास, त्यामुळे खत-पाणी नंतर बघा, आधी कुंडीतली माती गार कशी ठेवायची ते बघा. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, आत डोंगराकडे राहणाऱ्यांना चान्स जरा बरा आहे.

लागवड नोव्हेंबरच्या मध्याला, त्याआधी अजिबात नको, ऑक्टोबरचा उकाडा कंद कुजवतो. प्लास्टिकची कुंडी घेऊ नका, मातीचीच घ्या, रंग न लावलेली, म्हणजे बाहेरून पाणी झिरपून सुकत राहतं आणि आत गारवा टिकतो. ती अजून एका मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरायची आणि वाळू रोज ओली करायची, हा खटाटोप वाटेल पण किनाऱ्यावरच्यांना याशिवाय गत्यंतर नाही. जागा पूर्वेकडची, सकाळचं ऊन मिळेल आणि अकरानंतर सावली. बाल्कावात, म्हणजे घरापुढच्या पडवीत ठेवणार असाल तर जांभ्याच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, दिवसभर तापलेली भिंत रात्रीही ऊब सोडते. मातीवर नारळाचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल, कुटून पसरा, पाणी शक्यतो संध्याकाळी.

आपली तांबडी माती आंबट आणि चिकट, ती नुसती वापरू नका. एक भाग माती, एक भाग नदीची वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि वरून चिमूट-दोन चिमूट चुना. सुपरफॉस्फेट खत मात्र टाकू नका, त्यात फ्लोराइड असतं, फ्रीजियाला ते सोसत नाही, पानांची टोकं करपतात आणि लोक उगाच पाणी कमी पडलं म्हणून अजून ओतत बसतात. आंबट मातीत हा त्रास जास्त, चुना त्यासाठीच. कंदाचं टोक वर, 5 सेंटिमीटर खोल, दोन कंदांत तितकंच नाहीतर थोडं जास्त अंतर, 8 इंची कुंडीत सहा-सात बसतात. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता घ्या.

आणि ते फ्रिजचं. ट्यूलिपचं ऐकून लोक फ्रीजियाचे कंदही महिना-महिना फ्रिजमध्ये ठेवतात. नको! याच्या कंदाची झोप, म्हणजे वाढ थांबलेली अवस्था, मोडायला उलट ऊब लागते, 30 डिग्रीच्या आसपास दहा ते तेरा आठवडे. थंडीत पडून राहिला की बरेचदा पान न फुटता जुन्या कंदावरच नवा छोटा कंद तयार होतो आणि तो सीझन गेला.

पाती लांब झाली की लोळते. माडाच्या चुडताचे हीर, म्हणजे झावळीच्या पात्यांमधल्या काड्या, कुंडीच्या कडेला खोचा आणि दोन उंचीवर सुतळी फिरवा, झालं काम. मावा आला तर लगेच पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, उरला तर नीम तेल, कारण तो व्हायरस पसरवतो आणि पानांवर पिवळे पट्टे आलेलं झाड बरं होत नाही, उपटून टाका. दर पंधरा दिवसांनी पातळ केलेलं पोटॅशवालं लिक्विड खत पुरे.

सगळं जमलं तर फेब्रुवारीत दांडा येतो, टोकाला आडवा वाकतो आणि त्या वाकलेल्या भागावर फुलं एकाच बाजूला ओळीने वर तोंड करून उभी राहतात. कळी धरल्यावर उकाडा वाढला असेल तर ते इथेच कळतं, खालचं पहिलं फूल बाकीच्यांपासून लांब एकटंच पडतं. वासात फरक नाही, चालवून घ्या. घरात ठेवायचं तर पहिलं फूल उमललं की दांडा कापा, बाकीच्या कळ्या पाण्यात उमलतात.

फुलं संपली तरी पानं कापू नका, तीच पुढच्या वर्षीचा कंद भरतात. पिवळी पडायला लागली की पाणी कमी, वाळली की कंद काढून सावलीत सुकवा. लागणारी ऊब आपला एप्रिल-मे फुकटात देतो, खरी भानगड जूननंतर, दमटपणाने बुरशी धरते. ज्यांच्या घरी न्हाणीची चूल अजून पेटते त्यांनी जाळीच्या पिशवीत घालून चुलीच्या वर उंच टांगा, जिथे आगीची धग नाही पण कोरडी हवा लागते. धुरात इथिलीन नावाचा वायू असतो, त्याने फ्रीजियाची झोप मोडायला मदतच होते. चूल नसेल तर कोरड्या वाळूत, उघड्या ट्रेमध्ये, कपाटावर. डबा बंद करून ठेवू नका.

आणि इतकं सगळं नको असेल, नुसता वास हवा असेल, तर सरळ निशिगंध लावा, त्याला आपली गरमी आवडते.