नीतिनियमांचे जपानी शब्द वहीत कसे उतरवायचे

डिक्शनरीत ‘नियम’, ‘शिकवण’, ‘तत्त्व’ असलं काही शोधलंत तर जपानी शब्दांची ही रांग लागते आणि निम्म्यांपुढे अर्थ एकच. मी महापेच्या एका कारखान्यात दुभाषी आहे, शनिवारी नौपाड्यात घरी शिकवते. माझ्याकडे या शब्दांपुढे अर्थ लिहायला बंदी आहे. दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची: हे सांगतंय कोण, आणि मोडलं तर होतं काय? (पुढे ‘ऽ’ दिसेल तिथे स्वर लांबवा.)

सुरुवात ‘कुन’पासून करा. कांजीत, म्हणजे चीनहून आलेल्या अक्षरात, डावीकडे बोलणं, उजवीकडे नदी. कुन-योमीच्या, म्हणजे कांजीच्या अस्सल जपानी वाचनाच्या, नावाने रोज बोटं मोडता ना, तोच हा कुन. मोठ्यांनी घालून दिलेली शिकवण. घराण्याची ती काकुन, शाळेची कोऽकुन, कंपनीची शाकुन. आमच्याकडे चोऽरेइला, म्हणजे सकाळच्या सभेला, सगळे उभे राहून शाकुन एका सुरात म्हणतात. घणसोली स्टेशनवरून धापा टाकत आलेले मागच्या रांगेत नुसते ओठ हलवतात. मोडली तर दंड नाही, मान खाली जाते इतकंच. याच घरातला क्योऽकुन मात्र कोणी देत नाही, ठेच लागल्यावर आपला आपण मिळतो. मशीन बंद पडल्यानंतरच्या रिपोर्टात ‘यातून काय शिकलो’ लिहायचं ते क्योऽकुन. त्याला ‘नियम’ म्हणालात तर साहेब बुचकळ्यात पडतील.

‘काइ’ आपल्याला सगळ्यांत सोपा जायला हवा. दोन हातांनी शस्त्र धरलंय अशी कांजी, म्हणजे सावध. त्याच कांजीचं घरगुती वाचन इमाशिमे, ताकीद. पंचशील जपानीत गोकाइ. ज्यांना ‘पाणातिपाता वेरमणी’ लहानपणापासून पाठ आहे त्यांनी लगेच फुसेश्शोऽ लिहून घ्यावं: फु म्हणजे नाही, सेश्शोऽ म्हणजे जीव घेणं. सुरामेरयाचं, म्हणजे दारू न पिण्याचं, शेवटचं शील ते फुओन्जु. वंदनेत प्रत्येक ओळ ‘समादियामि’ने संपते, मी स्वीकारतो. काइचं मर्म तेच, आपण होऊन घेतलेलं बंधन. त्याचा जोडीदार ‘रित्सु’ म्हणजे संघाचा विनय, तिथे मोडल्यास शिक्षा ठरलेली. कायद्याच्या होऽरित्सुत आणि शिस्तीच्या किरित्सुत हाच रित्सु. बायबलच्या दहा आज्ञा जिक्काइ.

ओकिते जरा जपून. गावाचा, टोळीचा, जमातीचा कायदा, बहुधा तोंडीच. मोडला तर? मुराहाचिबु, म्हणजे सरळ वाळीत टाकणं. हाचिबु म्हणजे आठ भाग. गावाने दहापैकी आठ व्यवहार तोडायचे, आग विझवणं आणि अंत्यविधी एवढे दोनच राखायचे, अशी त्याची फोड सांगतात. आपल्याकडे वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६चा कायदा आहे, तेव्हा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ऑफिसच्या सर्क्युलरला मात्र ओकिते म्हणू नका, ते किसोकु. उगाच याकुझाचा, म्हणजे जपानी गुंडटोळ्यांचा, सिनेमा वाटतो.

दोऽतोकु आणि रिन्री यांत फार डोकं घालू नका. शाळेतलं मूल्यशिक्षण ते दोऽतोकु. जपानमध्ये २०१८पासून प्राथमिक आणि २०१९पासून माध्यमिक शाळांत तो ‘विशेष विषय’ आहे, पण त्याला मार्क नसतात, शिक्षक शेरा लिहितात. डॉक्टरांची, कंपन्यांची, संशोधकांची नीती ती रिन्री.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत फाइव्ह-एसची, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या ‘स’च्या पाच जपानी शब्दांची, पोस्टरं असतात, त्यातला पाचवा शित्सुके. खाली मराठीत ‘शिस्त’ लिहितात, पण शित्सुके म्हणजे आईबापांनी लावलेलं वळण. कांजी जपान्यांनी स्वतः घडवली: शरीर अधिक सुंदर. शिवणकामातल्या कच्च्या टाक्यालाही हाच उच्चार आहे. कपडा मुळात नीट बसावा म्हणून घालतात तो टाका, वळणाचंही तसंच.

आता बोलायचे शब्द. इंटरव्ह्यूत ‘झायू नो मेइ’ विचारतील, म्हणजे नेहमी डोळ्यांसमोर ठेवलेलं वचन. ‘इचिगो इचिए’, प्रत्येक भेट आयुष्यात एकदाच, हे सांगू नका, सगळे तेच सांगतात. ‘केइझोकु वा चिकारा नारि’, सातत्यात बळ आहे, हे सांगा आणि त्याला जोडून आपला एखादा खरा प्रसंग तयार ठेवा. वचनापेक्षा प्रसंगावरच जास्त प्रश्न येतात.

आणि शुगि. शाकाहार म्हणजे साइशोकु-शुगि, मोठमोठे ‘वाद’ही शुगिच. पण तुमच्या कामाचं वाक्य पार्टीतलं आहे. ग्लास पुढे आला की हसून म्हणा, ‘नोमानाइ शुगि देस्’, न पिणं हे माझं तत्त्व आहे. आग्रह सहसा तिथेच थांबतो. फक्त श्रावणापुरती सोडली असेल तर शुगि म्हणू नका. गणपती उरकल्यावर तोच साहेब तुम्हाला बिअरसोबत बघणार आहे.