पर्यावरणपूरक घर बांधताय? या चुका आराखड्यातच टाळा

छतावर सोलर पॅनल, परसात खतखड्डा, आणि दुपारी तीन वाजता हॉलमध्ये बसवत नाही म्हणून एसी सुरू. असं घर दिसलं की समजावं, आधी नेहमीसारखा प्लॅन काढला आणि मग त्यावर पर्यावरण चढवलं. बहुतेक चुकांचं मूळ या उलट्या क्रमात असतं. ऊन, वारा आणि पाणी कुठून येणार, कुठून जाणार हे खोल्यांच्या आधी ठरायला हवं. ते कागदावर फुकटात होतं. स्लॅब पडल्यावर त्याच गोष्टीला पैसे मोजावे लागतात.

पश्चिमेची मोठी काच

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीला आडवा छज्जा पुरतो. उन्हाळ्यात दुपारी सूर्य बराच वर असतो, त्यामुळे सावली पडते. हिवाळ्यात तो खाली उतरतो आणि तेच ऊन छज्ज्याखालून आत येतं. (दक्षिण गोलार्धात हे उत्तरेच्या खिडकीला लागू.) पश्चिमेला हा हिशेब चालत नाही. कलतं ऊन समोरून येतं आणि छज्जा दोन फूट पुढे काढा की चार, ते खालून आत शिरतंच. तिथे उभे आडोसे, जाळी, बाहेरच्या झडपा किंवा पानगळीचं झाड हवं. जिना, स्टोअर, बाथरूम या बाजूला टाकलं तर उत्तमच.

काच बसून गेली असेल तर? जाड पडद्यावर खर्च करू नका. ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. अडवायचं ते काचेच्या बाहेर. खात्री हवी असेल तर एका खिडकीला बाहेरून चार दिवस बांबूची चिक टांगा आणि संध्याकाळी तिच्या व शेजारच्या चिक नसलेल्या काचेच्या आतल्या बाजूला हात लावून फरक पाहा. दुहेरी काच घेतली म्हणजे सुटलो, असंही नाही. साधी पारदर्शक दुहेरी काच हवेतली उष्णता अडवते, थेट ऊन मात्र बऱ्यापैकी आत सोडते.

वारा येतो, पण जात नाही

खिडकी मोठी आहे, तरी खोली कोंदट? बाहेर वारा असताना टिश्यू पेपरची पट्टी खिडकीत धरा. ती हलत नसेल तर हवेला बाहेर पडायला वाट नाही. एकाच भिंतीत दोन खिडक्या असून फारसा उपयोग होत नाही. समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीत उघडझाप होईल असं काही हवं, आणि बाहेर पडायची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा लहान नको. गरम हवा वर चढते, म्हणून जिन्याच्या माथ्यावरचा झरोका पुष्कळ काम करतो.

थंड प्रदेशात चूक उलटी होते. घर हवाबंद करतात, पण ताज्या हवेची सोय विसरतात. मग काचांवर पाणी, कोपऱ्यात बुरशी. जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये 1991 च्या सुमारास पहिलं पॅसिव्ह हाउस (अगदी कमी ऊर्जेत ऊबदार राहणारं घर) उभं राहिलं, त्यात घट्ट बांधणीइतकीच यांत्रिक हवा-खेळतीची व्यवस्था महत्त्वाची होती. अर्धं उचलून चालत नाही.

'नैसर्गिक' म्हणजे टिकाऊ, हा समज

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा म्हणजे दुखण्याला आमंत्रण. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती आत कोंडतं, आणि काही काळाने गिलावा पोपडे धरून सुटतो. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा वापरा, जोतं उंच ठेवा, छप्पर पुढे काढा. बांबूत स्टार्च असतो, त्यावर भुंगेरे पडतात. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडची प्रक्रिया न केलेला बांबू घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंतीला तडे गेले की लोक ब्लॉकला नावं ठेवतात. बरेचदा दोष कामात असतो: विटांसारखे भिजत टाकलेले ब्लॉक आणि जाड सांधे. पातळ थराचं खास मॉर्टर वापरा.

सिमेंटचं म्हणाल, तर क्लिंकर (दळून सिमेंट होतं तो भाजलेला माल) भाजताना भट्टी सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवावी लागते आणि वर चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फ्लाय अॅश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट घ्याच. पण माझं मत विचाराल तर क्वचित वापरायची पाहुण्यांची खोली रद्द करणं कुठल्याही 'ग्रीन' मालापेक्षा जास्त वाचवतं.

पॅनलवर सावली

टाकी, जिन्याची खोली किंवा शेजारचं झाड यांची सावली एका पॅनलवर पडली तरी त्याच ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादन घटू शकतं. टाकीची जागा पॅनलच्या जागेबरोबरच ठरवा. सावली टळतच नसेल तर मायक्रोइन्व्हर्टरचा, म्हणजे प्रत्येक पॅनलला वेगळ्या छोट्या इन्व्हर्टरचा, विचार करा.

पाणी: हिशेब आणि पाइप

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 100 चौरस मीटर छतावर 20 मिलिमीटर पडला तर कागदावर 2000 लिटर. गळती, बाष्पीभवन धरून 1600 समजा. टाकी सगळे मोजतात, ती भरल्यावर पाणी कुठे जाणार हे विसरतात. ओव्हरफ्लो पायाशी सोडला की भिंतींना ओल येते. पहिल्या पावसाचं मळकं पाणी बाजूला काढायची तोटी आणि झाकणाला डासांची जाळी हवीच.

गरम पाण्याचं यंत्र छताच्या एका टोकाला आणि बाथरूम दुसऱ्या टोकाला असेल, तर 20 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात दर मीटरला जवळपास 0.3 लिटर गार पाणी अडकून राहतं. 15 मीटरला साडेचार लिटरच्या वर, दर वेळी वाया. बाथरूम एकावर एक घ्या, पाइपांना उष्णतारोधक वेष्टण घाला. अंघोळीचं पाणी बागेला वळवायचं असेल तर त्याची वेगळी लाइन फरशी बसण्याआधीच टाका, आणि स्वयंपाकघरातलं तेलकट पाणी त्यात मिसळू देऊ नका. अंघोळीचं हे पाणी न गाळता, शुद्ध न करता साठवलं तर एका दिवसात वास मारू लागतं. गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचे पाइपांसकट, शेजारी टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढे गळती निघाली तर अख्खी भिंत फोडावी लागणार नाही.