जुना मिनी ट्रॅक्टर पाहायला निघताय? अर्धा दिवस हातात ठेवून जा

माझ्या मामेभावाचं नागपूर जिल्ह्यात काटोलकडे तीन एकर वावर आहे, दीड एकरात संत्रा आणि बाकीत कपाशी-तूर, बैलजोडी विकून दोन वर्षं झाली आणि आता तो सेकंड हँड मिनी ट्रॅक्टर शोधून राहिला. त्याला फोनवर तुकड्या-तुकड्यानं जे सांगितलं तेच इथं एका जागी लिहून ठेवतो, कळमेश्वर, सावनेर, हिंगणा, उमरेड अशा आपल्या भागात दोन-चार एकरवाले खूप आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न हाच असतो की भाऊ, नेमकं पाहायचं काय.

सगळ्यात आधी ट्रॅक्टर नाही पाहायचा, आपलं वावर पाहायचं, आणि टेप घेऊन पाहायचं. संत्र्याची झाडं लावताना वीस बाय वीस फूट लावली असतील तरी मोठी झाल्यावर दोन्हीकडच्या फांद्या आत येतात आणि मधात मोकळी जागा किती उरते ते मोजल्याशिवाय कळत नाही. आणि रुंदीपेक्षा उंची जास्त नडते. आंबिया बहाराची फळं भरली की सप्टेंबर-ऑक्टोबरात फांद्या पार खाली वाकतात, तेव्हा सायलेन्सर वर उभा असलेला ट्रॅक्टर फळं पाडत जातो, म्हणून फांदी जमिनीपासून किती उंचीवर येते ते त्याच दिवसांत मोजून ठेवा किंवा अंदाजानं दोन फूट कमी धरा. कपाशीच्या दोन तासांतलं, म्हणजे ओळींतलं, अंतर मोजा, तुम्ही तीन फुटावर लावता का चार फुटावर, कारण डवरणीला चाकं तासाच्या मधातून जायला पाहिजे. बऱ्याच मिनीची मागची चाकं रिम उलटी लावून आत-बाहेर करता येतात, पण ती सोय त्याच गाडीत आहे का हे विचारूनच जा. मग पांदण रस्ता, फाटक, आणि जिथं ट्रॅक्टर उभा करणार तो गोठा. हे चारपाच आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवले की तिथं गेल्यावर विकणारा काहीही सांगो, आपल्याजवळ टेप असते.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी भारी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते आणि पावसाळ्यात चाकाला धरून ठेवते. पंधरा-वीस एचपीच्या गाडीनं तीन-चार फुटी रोटावेटर, डवरणी, फवारणी, छोटी ट्रॉली हे सगळं मस्त होतं, पण भारी जमिनीत खोल नांगरटी हे त्याचं काम नाही. वर्षातून एकदा गावातल्या पन्नास एचपीवाल्याला भाड्यानं बोलवा आणि नांगरटी करून घ्या, ते परवडतं. म्हणून विकणारा जेव्हा छाती फुगवून सांगतो की "ह्यानं नांगर पण ओढला जी", तेव्हा ते गुण म्हणून नका ऐकू. ज्या मिनीनं नांगर ओढला किंवा विटा-वाळूच्या ट्रॉल्या ओढल्या त्याची क्लचप्लेट आणि मागचा गिअरबॉक्स थकलेला असतो. ही गाडी आजवर काय काम करत होती, हा माझ्या यादीतला पहिला प्रश्न आहे, आणि तो मालकाला एकदा आणि त्याच्या ड्रायव्हरला वेगळा एकदा विचारायचा. बागेत फवारणीवर राहिलेली गाडी भेटली तर तिला जास्त पैसे द्यायला माझी तयारी असते.

एचपीचं असं आहे की महिंद्राचा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ ह्या पंधरा एचपीच्या एका सिलिंडरच्या गाड्या, स्वस्त पडतात, मिस्त्रीला पाठ आहेत, हादरे जास्त बसतात. व्हीएसटी शक्तीची साडेअठराची आणि कुबोटाची बी २४४१ ह्या तीन सिलिंडरच्या, चालवायला मऊ. संत्र्यात फवारणीचा ब्लोअर चालवायचा असेल तर पंधराच्या गाडीवर अडून बसू नका, ब्लोअर पीटीओवरून (अवजार फिरवणारा मागचा दांडा) भरपूर ताकद खातो, चोवीसच्या आसपासची फोरव्हील पाहा. पण कोणतीही आवडली तरी तिथं जायच्या आधी आपल्या तालुक्याच्या गावी स्पेअरच्या दुकानात जाऊन विचारा की ह्या मॉडेलची क्लचप्लेट आणि हायड्रॉलिकची (अवजार उचलणाऱ्या लिफ्टची) किट भेटते का, आणि भेटते तर किती दिवसात. सोयाबीन निघून राहिलंय आणि ट्रॅक्टर एका ऑइल सीलसाठी आठ दिवस उभा, हे ज्यानं भोगलं त्याला विचारा.

किमतीचा अंदाज काढताना नव्या गाडीची आजची किंमत शोरूममधून लेखी आणा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, म्हणजे नवी गाडी उतरली, पण जुन्याचे विकणारे अजून स्वतः घेतला तेव्हाच्या किमतीवरून हिशोब करून राहिले. नव्याचं कोटेशन खिशात असलं की बोलणं लवकर मुद्द्यावर येते. आणि हंगाम पाहा, मे महिन्यात पेरणीच्या तोंडावर सगळ्यांनाच पाहिजे असतो, दसरा-दिवाळी आणि गुढीपाडव्याला लोकं नवा काढतात तेव्हा एक्स्चेंजचे जुने बाजारात येतात, त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस माझ्या मते चांगले.

आता जायच्या दिवशीची पिशवी. टॉर्च, टेप, पांढरा कपडा, एक मोठा पुठ्ठा, खडू, आणि सोबत आपला मिस्त्री, विकणाऱ्याच्या ओळखीचा नाही, आपला. त्याची दिवसाची मजुरी द्या, हात आखडू नका. आदल्या रात्री फोन करून सांगायचं की भाऊ, आम्ही सकाळी येतो, गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर आणि इंजिनला हात लावा. गरम लागली तर चहा प्या, गप्पा मारा, पण थंड होईस्तोवर थांबा, कारण कंप्रेशन गेलेली गाडी एकदा गरम झाली की ती पण एका झटक्यात सुरू होते.

थंड गाडी सुरू करायच्या आधी डिपस्टिक काढून पांढऱ्या कपड्यावर पुसा. ऑइल काळं असणं काही वाईट नाही, डिझेल इंजिनचं होतंच, पण दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, हेड गॅस्केट नाहीतर त्याहून मोठं काम. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा, पाण्यावर तेलाचा तवंग आहे का पाहा, आणि जाळीत किती कचरा अडकला तेही पाहा, आपल्याकडे ४५ डिग्रीत चालवायची आहे ही गाडी. गिअरबॉक्सची स्टिक पण काढा, तिथं दुधाळ तेल दिसलं तर गाडी पावसात उघडी उभी असायची किंवा चिखलणीच्या पाण्यात खूप चालली असं समजा. मग गळती दिसावी म्हणून खाली पुठ्ठा टाका आणि सुरू करा. सुरुवातीला दोन मिनिट पांढरा धूर ठीक आहे, राहिलाच तर ठीक नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळून राहिलं, रिंगा-लायनरचा खर्च. काळा धूर लोडवर थोडा येतोच, रिकाम्या गाडीला भरभरून आला तर एअर फिल्टर, नोझल किंवा पंप. चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा, आतून फकाफक हवा मारत असेल तर रिंगा गेल्या समजा, निळ्या धुराची वाट पाहायची गरज नाही.

इथपर्यंत बरेच जण करतात. पण मी जे चुकलो ते ह्याच्या पुढचं आहे आणि म्हणूनच अर्धा दिवस म्हणतो. माझा पहिला मिनी मी सकाळी पाहिला, मस्त सुरू झाला, रोटावेटर लावला, लिफ्टनं कडक उचलला, मी खूश, वीस मिनिटात सौदा करून टोकन दिलं. घरी आणून वावरात लावला आणि तासाभरानं धुऱ्यावर वळताना रोटावेटर उचललाच जाईना, उचलला तर हळूहळू खाली बसे. थंड असताना तेल जाड असते, घासलेला पंप आणि कापलेलं सील पण त्यावर दाब धरून ठेवतात, तेल गरम होऊन पातळ झालं की आतल्या आत गळायला लागते. त्या वर्षी खरिपाचे ऐन दिवस गेले माझे, आणि बाबांनी मजूर लावून डवरणी केली, ते अजून मनात आहे.

तेव्हापासून मी असं करतो. इंजिन थंड पाहायचं आणि हायड्रॉलिक गरम पाहायचं. गाडी तासभर खऱ्या वावरात रोटावेटर लावून चालवायची, डिझेल आपण टाकायचं. मग रोटावेटर पूर्ण वर उचलून गाडी बंद करायची, खालच्या लिंकची (अवजार धरणाऱ्या दांड्याची) उंची भिंतीवर किंवा काठीवर खडूनं मारून ठेवायची आणि दहा मिनिट बाजूला उभं राहायचं, त्याच्या खाली कोणी हात-पाय घालायचा नाही. इंचभर उतरला तर बोलणी करता येतात, बोलता बोलता जमिनीला टेकला तर पंप-सिलिंडरचं काम किमतीतून कापा नाहीतर नमस्कार करून निघा. विकणारा वावरात चालवू देत नसेल तरी निघाच, त्यात नाराज होण्यासारखं काही नाही. गरम झालेल्या गाडीत आणखी दोन गोष्टी पाहून घ्या, टेम्परेचरचा काटा कुठं थांबला, आणि बंद करून पुन्हा सुरू होते का.

बाकीचं मिस्त्री पाहून घेईल, तरी तुम्ही बाजूला उभे राहा. वरच्या गिअरमध्ये हळू क्लच सोडून ब्रेक धरा, इंजिन बंद पडायला पाहिजे, नुसतं घोंघावत राहिलं तर प्लेट संपली. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहा. पुढचं टोक जॅकवर उचलून चाक हलवा, किंगपिन आणि मधला पिन खिळखिळा आहे का. फोरव्हील असेल तर पुढच्या चाकांच्या सीलमधून तेल येतं का आणि लिव्हर टाकल्यावर पुढची चाकं खरंच ओढतात का, काही लोकं शाफ्ट काढून ठेवतात आणि गाडी टूव्हीलवर चालवतात. पीटीओ शाफ्टचे दाते झिजून टोकदार झाले का ते बोटानं पाहा. गाडी किती तास चालली ते दाखवणारा अवरमीटर चालू असला तरी त्याच्यावर एकट्यावर भरोसा ठेवू नका, क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर आणि सीटखालचा पत्रा जास्त खरं सांगतात. टायरच्या भेगा पाहा, मागचे दोन बदलायचे असतील तर तो खर्च आत्ताच मोजा. लाइट, हॉर्न, सीट हे नंतर होते.

कागदं. इथं घाई बिलकुल नाही. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर कपड्यानं घासून स्वतः वाचा, फोटो काढा, आरसीशी (नोंदणीच्या कागदाशी) एकेक अंक जुळवा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, विमा, नोंदणी कधीपर्यंत आहे आणि बँकेचा बोजा, म्हणजे कर्ज, आहे का ते पाहा. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते, संपत आली असेल तर नूतनीकरणाचा खर्च आणि चकरा कोणाच्या, हे आधी ठरवा. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाही, "कर्ज फिटलं जी, कागद येऊन राहिला" ह्याच्यावर नाही. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०, सह्या आपल्या डोळ्यासमोर. नागपुरातच तीन नंबर आहेत, एमएच ३१ शहर, ४० ग्रामीण, ४९ पूर्व, गाडी कोणत्या ऑफिसची ते पाहून घ्या. वर्धा-अमरावतीची असेल तर तिकडची एनओसी लागते का ते आरटीओत विचारून घ्या. सौसर-पांढुर्ण्याकडून एमपीची गाडी स्वस्त भेटते म्हणून खूप जण जातात, पण तिला फॉर्म २८ ची एनओसी, इथं नव्यानं नंबर आलाच, टॅक्स लागतो का तेही आरटीओत विचारा, तो सगळा खर्च जोडून मग स्वस्त आहे का पाहा. मूळ मालक वारला असेल आणि पोरगा विकून राहिला असेल तर आधी वारसाच्या नावावर होऊ द्या, त्याचा फॉर्म ३१ वेगळा असतो. आमच्या शेजारच्या वावरवाल्यानं ते न करता घेतला, पुढं बहिणीनं सही द्यायला नकार दिला आणि गाडी त्याच्या नावावर काही होईना. सरकारी अनुदानावर घेतलेली गाडी असेल तर न विकण्याची अट किती वर्षांची होती ते मंजुरीच्या पत्रात वाचा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट लावली का, आणि ट्रॉली सोबत घेत असाल तर तिचं आरसी वेगळं असते, ते मागा.

टोकन द्यायचंच असेल तर थोडं द्या, फोनपेनं किंवा चेकनं, आणि साध्या कागदावर लिहून घ्या की बोजा किंवा नावाची अडचण निघाली तर परत. नाव बदलेपर्यंत कायद्यानं विकणाराच मालक असतो, अपघात झाला तर त्याच्याच दारात नोटीस जाते, म्हणून विकणाऱ्यालाही हे शांतपणे समजावून सांगा, तो पण मग आरटीओत सोबत येतो. विमा चालू असला पाहिजे, आणि खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत कंपनीला नावबदलाचा अर्ज द्या.

गाडी घरी आली की आधी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर बदला, मागच्यानं कधी बदललं ते विचारत बसू नका, सगळ्या ग्रीस पॉइंटला ग्रीस, आणि बदलल्याची तारीख आणि अवरमीटर वहीत. पीटीओ शाफ्टवर गार्ड नसेल तर पहिल्याच दिवशी बसवा, गमछा-लुगडं ओढायला त्याला क्षण लागत नाही. आणि वावरात बिनकठड्याची विहीर असेल तर तिच्या चारी बाजूंनी दहा-बारा फूट सोडून दगड मांडा, पोट्ट्याला चालवायला द्यायच्या आधी.