रंगपंचमीला नाशकात येताय? कुठे खायचं, काय घ्यायचं आणि कधी

नाशकात रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात. हे आधी लक्षात घ्या, कारण खाण्याचं आणि खरेदीचं सगळं गणित त्यावर ठरतं. होळी झाली की दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, जुन्या नाशकात वीर निघतात. देव्हाऱ्यातले वीरांचे टाक घेऊन माणसं वाजतगाजत गंगेवर जातात आणि त्यांना स्नान घालतात. (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. रिक्षावाल्याला ‘गंगेवर सोडा’ म्हणालात तर तो बरोबर रामकुंडाच्या बाजूला नेईल.) फाल्गुन वद्य पंचमीला रहाडी उघडतात. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला, पेशवेकालीन मानला जाणारा हौद. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो आणि त्यावरून गाड्याही जातात. रंगपंचमीच्या आधी तो उकरून साफ करतात, पूजा होते, रंग भरला जातो आणि मग त्यात उड्या. या उडीला इथे ‘धप्पा’ म्हणतात.

माझं लहानपण तिवंधा चौकापासून हाकेच्या अंतरावर गेलं. घरी दरवर्षी पाहुणे यायचे, अजून येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट: वेळेचं गणित

खरेदी रंगपंचमीच्या आदल्या दिवशी उरकून टाका. पंचमीच्या दिवशी सकाळी फक्त खा, दुपारनंतर फक्त रंग. हा क्रम उलटा केलात तर काय होतं ते मी भोगलं आहे. एका वर्षी मावशीसाठी घेतलेली साडी पिशवीत घेऊन मी दुपारी दहीपुलावरून घरी निघाले. दोनशे पावलांचं अंतर असेल. वरच्या गॅलरीतून बादली आली आणि मोतिया रंगाची साडी गुलाबी झाली. रहाडीचा रंग पानाफुलांपासून करतात असं म्हणतात, पण तो कापडावरून जात नाही.

दुसरं असं की पंचमीला दुपार कलली की गावठाणातली बरीच दुकानं शटर ओढून घेतात. मेन रोड, सराफ बाजार, भांडीबाजार या गल्ल्या आदल्या दिवशी निवांत फिरा.

उतरायचं कुठे? रेल्वेने आलात तर नाशिकरोड स्टेशन गावापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. तिथून शालिमार किंवा सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) सिटीलिंकची, म्हणजे शहर बससेवेची, बस मिळते, शेअर रिक्षाही मिळते. शालिमारला उतरा आणि पुढे पायी चला. मेन रोड, रविवार कारंजा, सराफ बाजार, रामकुंड, नदीपलीकडे पंचवटी आणि काळाराम मंदिर हे सगळं चालण्याच्या टप्प्यात आहे. गाडी गावठाणात आणूच नका.

आदला दिवस, सकाळ: मिसळ

नाशिकला आलेल्या माणसाला मिसळ खाऊ घातल्याशिवाय कुणी सोडत नाही. इथली मिसळ कोल्हापुरीसारखी लालभडक नसते. मटकी मोड आलेली, रस्सा बहुतेक ठिकाणी काळ्या मसाल्याचा, पातळसर, आणि तर्री वेगळ्या वाटीत. सोबत पाव, पापड, दही, कांदा, लिंबू. रस्सा पुन्हा मागून घ्यायचा असतो, संकोच करू नका.

वेळ आणि वाहन असेल तर गंगापूर-सातपूर लिंक रोडच्या बाजूला साधना मिसळला जा. चुलीवरची मिसळ म्हणून तिचं नाव झालं आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे रांग असते, म्हणून नऊच्या आत पोचा. पण सणासाठीच आला असाल आणि हाताशी एकच सकाळ असेल तर माझं मत वेगळं आहे. गावठाणातच, जिथे दिवसभर फिरायचं आहे तिथेच, गर्दीचं एखादं छोटं हॉटेल पाहून बसा. मिसळीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन येण्यात अर्धी सकाळ जाते, आणि नेमका तेवढाच वेळ भांडीबाजारात लागतो.

एक खूण सांगते. चांगल्या मिसळीच्या दुकानात शेव आणि फरसाण ताटलीत आधीपासून घालून ठेवलेलं नसतं. तुम्ही बसल्यावर, तुमच्या समोर, मटकीवर फरसाण आणि त्यावर रस्सा पडतो. पहिला घास घेताना फरसाण कुरकुरीत लागलं की समजावं, जागा बरोबर निवडली.

आदला दिवस, दुपार: तांबं-पितळ

नाशकातून एकच वस्तू न्यायची असेल तर मी भांडं नेईन. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव पूर्वीपासून नावाजलेलं आहे आणि जुन्या नाशकातल्या तांबट लेनचं नावच त्या कारागिरांवरून पडलं. याच जुन्या तांबट लेनमध्ये एक रहाडही आहे. आज हातोड्यांचा आवाज पूर्वीइतका येत नाही. तरी भांडीबाजारात उभं राहिलं की दोन्ही बाजूंनी घागरी, हंडे, तांबे, पराती, समया, पंचपात्र्या रचलेल्या दिसतात. पूजेचं सामान घ्यायला आलेल्या लोकांची इथे बारा महिने वर्दळ असते.

भांडं कसं निवडायचं ते नीट सांगते, कारण इथे घाई केली की फसगत होते.

खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. तांब्याला आणि पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. दुकानदाराला राग येईल असं वाटून घेऊ नका. चांगला दुकानदार स्वतःच भांडं हातात देतो.

मग वजन. तांबं-पितळ वजनावर विकलं जातं, म्हणून भाव किलोचा विचारा आणि घडणावळ त्यात धरली आहे की वेगळी, तेही विचारा. दिसायला सारख्या दोन कळशा हातात घेतल्या तर एक जड लागेल. जड ती जाड पत्र्याची. ती आपटली तरी लगेच पोचा पडत नाही.

मग अंग पाहा. हाताने मठारलेल्या भांड्यावर हातोडीचे छोटे गोल ठसे असतात आणि ते अगदी एकसारखे नसतात. बोट फिरवलं की जाणवतात. यंत्रावरच्या भांड्यावर ठसे पाडले तर ते मोजून मापून, ओळीत येतात. मठारल्याने पत्रा कडक होतो, म्हणजे ती नुसती नक्षी नाही.

शेवटी पाणी. दुकानात पाणी असतंच. घागर, कळशी, तांब्या घेताना अर्धं भरून घ्या, बाहेरून कोरडं पुसा आणि पाच मिनिटं कागदावर ठेवा. बुडाच्या सांध्यातून थेंब आला तर कागद सांगतो.

पितळेचं पातेलं स्वयंपाकासाठी घेत असाल तर आतून कल्हई करून घ्या. बिनकल्हईच्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवू नयेत, ठेवूही नयेत. पाणी पिण्याच्या तांब्याला कल्हई लागत नाही, चिंच किंवा लिंबू-मीठ लावून घासला की पुरतं.

ओझं नको असेल तर पळी-पंचपात्र घ्या. खर्च बेताचा, आणि आजीला दिलं तर ती रोज सकाळी हातात घेईल.

सराफ बाजार, फुलं आणि हारकडं

भांडीबाजारातून सराफ बाजार दोन मिनिटांवर. चांदीचे देव, निरांजनं, जोडवी, पैंजण यांची इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दुकानं आहेत. पावती घ्या आणि शुद्धता लिहून घ्या, एवढंच सांगते. पावसाळ्यात गंगेला मोठा पूर आला की पाणी या बाजारात शिरतं. जुन्या दुकानदाराला पुराबद्दल विचारा, भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते तो हात उंचावून दाखवेल.

होळीच्या दिवसांत रस्त्याकडेला साखरेच्या माळा टांगलेल्या दिसतील. त्यांना आमच्याकडे हारकडं म्हणतात. हार गळ्यातला, कडं हातातलं. लहान मुलांना घालतात आणि हेच पुढे गुढीलाही बांधतात. घेताना कोरडं, खुटखुटीत, पांढरंशुभ्र पाहून घ्या. बोटाला चिकटलं तर ते ओल धरलेलं आहे, घरी पोचेपर्यंत पाझरेल.

पैठणीसाठी मात्र मी लोकांना येवल्याला पाठवते. नाशकापासून साधारण ८० किलोमीटर, एक वेगळा दिवस काढावा लागतो, पण तिथे मागावर बसलेला विणकर दिसतो. नाशकातच घ्यायची असेल तर पदर उलटा करून पाहा. हातमागाच्या पैठणीची मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ असते. मागे सुटे धागे लोंबत असतील किंवा कापलेले असतील तर यंत्रमागाची समजा आणि भाव तसा करा.

मधे बुधवार आला तर गंगाघाटावरचा बुधवारचा बाजार चुकवू नका. भाजीपाला, सुपं-टोपल्या, मसाल्याचे जिन्नस, सगळं जमिनीवर मांडलेलं. वर्षाचा मसाला करायचे हेच दिवस असतात, त्यामुळे मिरच्यांचे ढीग लागलेले असतात.

आदला दिवस, संध्याकाळ

फिरून पाय दुखले की मेन रोडवर सायंताराचा साबुदाणा वडा. बाहेरून खरपूस, आतून मऊ, आणि तो गरमच खायचा असतो. घरी नेऊन खाऊ असा विचार करू नका. जिलेबीसाठी जुन्या नाशकात बुधा हलवाईचं नाव कुणालाही विचारा, रस्ता सांगतील. कढईतून पाकात, पाकातून कागदावर. उभ्यानेच खा.

मार्चच्या उन्हात फिरताना रसवंतीत बसायला विसरू नका. घुंगरांचा आवाज आला की तिकडे वळा, बर्फ कमी घाला म्हणून सांगा, आलं-लिंबू मात्र घालू द्या.

गंगा ओलांडून पंचवटीत गेलात तर काळाराम मंदिर पाहून या. याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. रंगपंचमीला येणाऱ्या माणसाने त्या दारापाशी थोडा वेळ उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

रंगपंचमीचा दिवस

सकाळी पोटभर खा, कारण नंतर नीट बसून खायला मिळणार नाही. पोहे, उपमा, मिसळ, जे मिळेल ते, पण दहा-अकराच्या आत. धप्पा मारायचा असेल तर त्याआधी दोन-तीन तास जड काही खाऊ नका. भरल्या पोटी रहाडीत उडी घेऊन उलट्या झालेली माणसं मी पाहिली आहेत. पोहता येत नसेल, श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर कडेला उभं राहून रंग अंगावर घ्या. तेवढ्यानेही माणूस नखशिखांत रंगतो.

कुठल्या रहाडीवर जायचं? शनी चौकाची पंचवटीत, तिवंधा चौक, जुनी तांबट लेन आणि दिल्ली दरवाजा नदीच्या अलीकडे. प्रत्येकीचा रंग ठरलेला असतो आणि त्या त्या रहाडीची माणसं त्याबद्दल हळवी असतात. पहिल्यांदा येणाऱ्याने एकच निवडावी. सगळीकडे जाण्याच्या नादात बहुतेकांचा दिवस रस्त्यातच जातो.

अंगाला आणि केसांना खोबरेल तेल चोपडा. जुने कपडे घाला. फोन मुक्कामी ठेवा. थोडे पैसे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात असू द्या, ते संध्याकाळी लागतील: रंगलेल्या अंगाने हॉटेलात बसू देत नाहीत, पण गाडीवरचा पाववडा मिळतो. पाववडा म्हणजे पावाला आत मसाला भरून, बेसनात बुडवून तळलेला. भिजून थंडी वाजत असताना, लाल-पिवळ्या बोटांत कागद धरून खाल्लेला तो पाववडा आणि वर कटिंग चहा, याच्यापुढे मला कुठल्याही हॉटेलचं ताट नको.

परतीच्या दिवशी

चिवडा शेवटच्या दिवशी घ्या, ताजा जाईल. नाशकात कोंडाजी आणि माधवजी ही दोन नावं घराघरांत आहेत आणि दोन्हींचे कट्टर चाहते आहेत. इथल्या चिवड्याची ओळख तळलेला कांदा आणि लसणाचा तिखट मसाला. दुकानात चिमूटभर हातावर मागा, चाखा, मग ठरवा. प्रवासात पिशवी दाबली गेली तर पोह्यांचा चुरा होतो, म्हणून बॅगेत सगळ्यात वर ठेवा.

द्राक्षं याच हंगामात असतात. मार्चमध्ये गोडी चांगली उतरलेली असते. घडाचा देठ पाहा: हिरवा असेल तर घड ताजा, तपकिरी आणि वाळका असेल तर दोन-चार दिवसांपूर्वीचा. मण्यांवर पांढुरकी झाक असते, ती नैसर्गिक, तिला घाबरू नका. पण औषधांच्या फवारण्या होतात, म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवून, स्वच्छ धुऊनच खा. घड हलकेच झटका, मणी गळले तर घेऊ नका. दिंडोरी रोडने किंवा ओझर-पिंपळगावच्या बाजूने महामार्गावरून परतणार असाल तर रस्त्याकडेला थेट बागेतला माल मिळतो आणि पेटीवर भाव करता येतो. बसने जाणाऱ्यांनी द्राक्षांऐवजी बेदाणे न्यावेत. आणि पेटी घेतलीच, तर ती वरच्या फळीवर ठेवू नका, पायाशी ठेवा. एक मणी फुटला तरी खालच्या माणसाच्या शर्टावर ओघळ येतो.