मेथड आहे, पण नोंद नाही

सयाजीराव विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करताना प्रबंधासाठी मी बडोद्याच्या रोजच्या पावसाचे आकडे घेतले. विश्वामित्री फुगली की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गावोगावच्या मावश्यांचे फोन सुरू होतात, त्यामुळे विषय शोधायला फार डोकं खाजवावं लागलं नाही. तारखा आणि मिलिमीटर एका लिस्टमध्ये भरले, तिला ‘पाऊस’ असा क्लास, म्हणजे प्रकाराचं लेबल, लावला, ती छापायला ‘प्रिंट.पाऊस’ हे फंक्शन लिहिलं आणि आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं आयुष्यातलं पहिलं पॅकेज बांधलं. (नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन.) माझ्या लॅपटॉपवर त्या लिस्टचं, म्हणजे ऑब्जेक्टचं, नाव टाकलं की चार सुबक ओळी यायच्या: एकूण पाऊस, सर्वांत ओला दिवस, कोरडे दिवस, कालावधी.

पॅकेज एका सीनियर ताईकडे पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन.

“अरे, ३६५ आकडे भसाभसा ओतलेस की स्क्रीनवर! तुझ्या त्या चार ओळी कुठायत?”

एरर नाही, वॉर्निंग नाही. मी दोन दिवस फंक्शनच्या आतच खुडबूड करत बसलो. फॉरमॅट बदल, कॅट बदल, राउंड काढ, राउंड घाल. त्यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. फंक्शनपर्यंत आर पोचतच नव्हतं, आणि मी मात्र आतल्या ओळी घासून पुसून लख्ख करत होतो.

नवीन मुलांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो. ‘मेथड (एखाद्या क्लाससाठी लिहिलेलं खास फंक्शन) चालत नाही’ असं वाटलं की तिचा कोड उघडू नका. आर तिला कुठे शोधतंय ते आधी बघा. एस-थ्री, म्हणजे क्लास बघून मेथड निवडायची आरची साधी पद्धत; तिच्यात ‘प्रिंट’ स्वतः काही छापत नाही. ते फक्त ‘यूजमेथड’ला हाक मारतं. मग ऑब्जेक्टचा क्लास बघून आर ‘प्रिंट.पाऊस’ शोधतं: आधी जिथून हाक आली तिथल्या परिसरात, नंतर मेथडच्या नोंदवहीत. दोन्हीकडे नाही सापडलं तर मुकाट्यानं ‘प्रिंट.डीफॉल्ट’ चालवतं. म्हणून एरर येत नाही. ताईच्या स्क्रीनवर शेवटी ‘अ‍ॅट्रिब्यूट, क्लास, पाऊस’ अशी ओळ आली होती. तुमच्या ऑब्जेक्टखाली ती दिसली तर समजा, डीफॉल्टनं काम उरकलंय.

ही नोंद होते नेमस्पेस फाइलमध्ये, म्हणजे पॅकेजमधलं बाहेर काय दिसावं त्या यादीत, ‘एस-थ्री-मेथड’ या ओळीनं. आर २.१४.० पासून, म्हणजे २०११ पासून, प्रत्येक पॅकेजला नेमस्पेस असावंच लागतं. मूल घरात हुंदडतंय, वाड्यात सगळे त्याला ओळखतात, पण महापालिकेत जन्माची नोंदच नाही, तशी माझ्या मेथडची गत होती. रॉक्सिजन (फंक्शनवरच्या टॅगवरून ही फाइल लिहून देणारं पॅकेज) वापरत असाल तर फंक्शनच्या डोक्यावर एक्स्पोर्टचा टॅग लागतो आणि तो लावल्यावर ‘डॉक्युमेंट’ पुन्हा चालवावं लागतं. मी टॅग लावलाच नव्हता. लावणारेही दुसरी पायरी विसरतात, हे पुढे इतरांची पॅकेजेस बघताना कळलं.

मग माझ्याकडे कसं चालत होतं? दोन कारणं, आणि दुसरं फार लाजिरवाणं. पहिलं असं की माझ्या टेस्ट, म्हणजे कोड तपासणाऱ्या छोट्या चाचण्या, पॅकेजच्या आतल्या परिसरात चालायच्या. तिथून हाक मारली की नोंद नसलेली मेथडही सापडते. टेस्ट हिरव्यागार, बाहेर बोंब. दुसरं म्हणजे आर बंद करताना ‘वर्कस्पेस जपून ठेवू का?’ या प्रश्नाला मी रोज इमानदारीत ‘हो’ म्हणत आलो होतो. त्यामुळे तीन आठवड्यांपूर्वीचं ‘प्रिंट.पाऊस’ ग्लोबल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे सेशनच्या मुख्य परिसरात, तळ ठोकून बसलं होतं. स्क्रीनवर दिसणाऱ्या त्या चार ओळी पॅकेजच्या नव्हत्याच! ती सवय त्याच दिवशी सोडली. आता पॅकेज इन्स्टॉल करायचं, कोरं सेशन उघडायचं, आणि मगच ‘चालतं’ असं म्हणायचं.

बाकीच्या ठेचा लहान. जेनेरिकमध्ये, म्हणजे ‘प्रिंट’सारख्या मूळ फंक्शनमध्ये, आर्ग्युमेंटचं जे नाव असेल तेच मेथडमध्ये ठेवा: ‘प्रिंट’ला ‘एक्स’, ‘समरी’ आणि ‘प्रेडिक्ट’ला ‘ऑब्जेक्ट’, आणि शेवटी तीन टिंबं. नाहीतर पॅकेज चेक करताना वॉर्निंग येते. फंक्शनच्या नावात उगाच टिंब नको. ‘टी’ म्हणजे आरमधलं ट्रान्सपोज (ओळी-स्तंभांची अदलाबदल), म्हणून ‘टी.टेस्ट’ दिसायला ‘टेस्ट’ क्लासची ट्रान्सपोज मेथड वाटते ना? तशीच गफलत तुमच्या ‘प्लॉट.मासिक’ची होईल. आणि क्लास तपासताना दोन बरोबरची चिन्हं नकोत, ‘इनहेरिट्स’ वापरा. आर ४.०.० पासून मॅट्रिक्सचा क्लास विचारला तर दोन उत्तरं येतात, आणि ४.२.० पासून ‘इफ’मध्ये दोन उत्तरं घातली की थेट एरर.

एस-फोर या आरच्या दुसऱ्या, जास्त कडक पद्धतीची तऱ्हा उलटी. ते निदान ओरडतं तरी. नदीच्या पातळीसाठी मी एस-फोर क्लास केला. जेनेरिक होतं ‘व्ही’पासून सुरू होणाऱ्या फाइलमध्ये, मेथड ‘ए’च्या फाइलमध्ये. इन्स्टॉल करताना एरर आली की या नावाचं फंक्शनच अस्तित्वात नाही. कारण पॅकेजच्या फायली वर्णक्रमानं वाचल्या जातात, त्यातही मोठ्या लिपीतली नावं आधी. आधी क्लास, मग जेनेरिक, मग मेथड असा क्रम डिस्क्रिप्शन फाइलच्या ‘कोलेट’मध्ये लिहायचा, किंवा रॉक्सिजनच्या ‘इन्क्लूड’ टॅगवर सोपवायचा. पुष्कळजण फायलींच्या नावाआधी शून्य-एक, शून्य-दोन लावतात. चालतं ते, पण मला ते लग्नातल्या पंगतीला नंबर वाटल्यासारखं वाटतं.

सगळं दुरुस्त करून पॅकेज पुन्हा ताईकडे पाठवलं. तिनं चार ओळींचा फोटो पाठवला आणि मागोमाग फोन केला.

“छापतंय आता नीट. पण कोरडे दिवस इतके कसे रे? बडोद्यात जुलैत सलग अकरा दिवस कोरडे?”

मूळ तक्ता उघडला. त्या अकरा दिवसांचे रकाने रिकामे होते, आणि रिकाम्या जागी शून्य भरणारी ओळ माझ्याच हातची होती.